वाचकांचे प्रश्न : बाग, टेकडी आणि मोकळी जागा

शहरातील बागा, टेकड्या आणि मैदाने यांविषयी प्रश्न पाठवा, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पुण्याची असून थोडी मुंबई आणि पिंपरी-चिंचवडची आहेत. सगळी पत्रे वाचल्यावर एक गोष्ट ठळकपणे जाणवली, ती ही की बाग आणि टेकडी या दोन्हींकडे आपण केवळ ‘हिरवळ’ म्हणून पाहतो आणि मग बागेकडून टेकडीची व टेकडीकडून बागेची अपेक्षा करू लागतो. बाग माणसांनी माणसांसाठी केलेली असते, त्यामुळे तिथे सोयींचा आग्रह धरायला संकोच कशाला? टेकडीवर मात्र आपल्याआधीपासूनचे रहिवासी आहेत आणि तिथे आपली सोय दुय्यम मानावी लागते. पुढील उत्तरे हा भेद धरून लिहिली आहेत.

प्रश्न : मी ६८ वर्षांची असून माझे गुडघे दुखतात. नातू सहा वर्षांचा आहे आणि नात तेरा वर्षांची. आम्हा तिघांना दोन तास आनंदाने घालवता येतील, अशी पुण्यातील बाग सुचवावी. ज्येष्ठांसाठी वेगळे ‘नाना-नानी पार्क’ असते, ते अधिक बरे का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. ज्येष्ठांसाठी स्वतंत्र बाग ही कल्पना सद्भावनेतून आली आहे आणि शांतपणे बसू इच्छिणाऱ्यांना ती सोयीची वाटते, हे मान्य आहे. तरीही आजीला एका कुंपणात आणि नातवाला दुसऱ्या कुंपणात पाठवणारी रचना मला पटत नाही. आजीला नातू दिसत राहावा आणि नातवाला पाणी मागायला आजी हाताशी असावी, एवढ्यासाठीच तर दोघे एकत्र निघालेली असतात. म्हणून वेगळी बाग शोधण्याऐवजी झोपाळ्यांच्या जवळ सावलीत बाक असलेली बाग शोधावी.

त्या बाकाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बागेची पाहणी करणारे नेमके त्याकडेच दुर्लक्ष करतात. पाठ नसलेला सिमेंटचा बाक दिसायला मजबूत असतो, परंतु गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यावरून उठताना टेकायला काहीच मिळत नाही. बाकाला पाठ हवी, दोन्ही बाजूंना हात टेकण्याची सोय हवी आणि बसायची उंची साधारण खुर्चीइतकी हवी. दोन बाकांमधील अंतर इतके असावे, की दमलेल्या माणसाला पुढचा बाक समोर दिसेल. याच्या जोडीला स्वच्छ व उघडे असलेले स्वच्छतागृह आणि पावसाळ्यात शेवाळ न धरणारी वाट एवढे मिळाले, तर बाकीची सजावट नसली तरी चालते. मुलांच्या बाजूने पाहायचे, तर घसरगुंडीवर दुपारनंतर सावली पडते का, हे आधी पाहावे. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात तापलेल्या पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या घसरगुंडीवर मूल बसू शकत नाही आणि महागडी खेळणी संध्याकाळ होईपर्यंत नुसती उभी राहतात.

आता नावे. सारसबागेला लागून असलेले पेशवे पार्क १९५३ साली सुरू झाले. तेथील प्राणी १९९९ मध्ये कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात हलवले गेले आणि नंतर त्या जागी ऊर्जा उद्यान झाले. तेथील मुलांची छोटी आगगाडी ‘फुलराणी’ १९५६ पासूनची आहे, म्हणजे तुमच्या पिढीने बालपणी जिच्यात बसण्याचा हट्ट धरला, तीच गाडी नातवाला दाखवता येईल. निघण्यापूर्वी ती चालू असल्याची चौकशी मात्र करावी. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान सुमारे दहा एकरांचे असून जपानमधील ओकायामा शहरात १७०० साली पूर्ण झालेल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते घडवले आहे. तेथील वाहते पाणी, पूल आणि रंगीत मासे तुम्हाला व नातीला आवडतील, परंतु चेंडू घेऊन पळणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला तिथे सारखे ‘थांब’ म्हणावे लागेल. तिघांचा विचार करता माझी पहिली पसंती रेसकोर्सजवळच्या एम्प्रेस गार्डनला आहे. ३९ एकरांची ही बाग अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था सांभाळते. तेथील झाडे इतकी मोठी आहेत, की भर दुपारीही सावली मिळते. गारंबीचा प्रचंड वेल एकदा नातीला जवळून दाखवा; झाडांवर चढत, लोंबत, पुन्हा जमिनीकडे येत गेलेले त्याचे पिळदार खोड पाहून तेरा वर्षांची मुलगीसुद्धा मोबाइल खाली ठेवते.

घराजवळच्या बागेत असे बाक नसतील तर ते मागता येतात. पुणे महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी आपल्या भागातील छोटी कामे सुचवण्याची पद्धत आहे. त्यासाठीचे अर्ज क्षेत्रीय कार्यालयामार्फत साधारणतः पावसाळ्याच्या उत्तरार्धात मागवले जातात. ‘बागेत सुधारणा करावी’ असे मोघम न लिहिता ‘अमुक बागेत, खेळण्यांच्या पूर्वेकडील झाडाखाली, पाठ व हात असलेले चार बाक’ असे लिहिले, तर त्या कामाचा खर्च काढता येतो आणि ते पुढे सरकण्याची शक्यता वाढते.

प्रश्न : आम्ही निवृत्त मंडळी रोज सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला जातो. उन्हाळ्यात टेकडी अगदी उघडीबोडकी दिसते, म्हणून या पावसाळ्यात वड, पिंपळ आणि कडुनिंबाची रोपे लावून त्यांना आळीपाळीने पाणी घालायचे ठरवले आहे. आणखी कोणती झाडे लावावीत? (एक वाचक, पाषाण)

उत्तर : आपल्या गटाच्या हेतूबद्दल आदर ठेवूनच सांगतो, की टेकडीवर झाडे लावू नयेत. निदान आज ठरवली आहेत तशी आणि ठरवली आहेत तिथे तर नकोतच.

वेताळ टेकडी हा पुणे शहरातील सर्वांत उंच भाग असून तिचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे. खाली काळा कातळ, वर वीतभर माती, आणि पाऊस सह्याद्रीच्या घाटमाथ्याच्या तुलनेत फारच थोडा. अशा जमिनीवर निसर्गाने दाट अरण्य वाढवलेले नाही. तिथे मोकळे गवत, मधूनमधून खुरटी झुडपे आणि घळींच्या आधाराने विरळ झाडे अशी रचना असते. सालई, मोई, मेडशिंगी, खैर, हिवर, पळस, गणेरी ही इथली मूळची मंडळी आहेत. त्यांतील बरीचशी उन्हाळ्यात पाने टाकून देतात, कारण पाणी राखण्याचा तोच मार्ग असतो. आपल्याला एप्रिलमध्ये जे उघडेबोडके दिसते, ते आजारपण नव्हे. टेकडीचा तो नेहमीचा ऋतू आहे.

हेच गवत पावसाळ्यात जवळून पाहावे. जूनच्या पहिल्या सरींनंतर जमिनीलगतच्या कंदांतून फुले वर येतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत गवतात सोनकीचा पिवळा रंग भरतो. पावसाळा सरला की कुसळी गवत पिकते आणि आपल्या पायमोज्यांत अडकते. ते कुसळ चिमटीत धरून त्यावर थोडे पाणी टाकावे. पीळ उलगडताना ते आपोआप फिरू लागते. मातीवर पडलेले बी ओल आणि कोरडेपणा यांच्या आलटूनपालटून येणाऱ्या ताणाने असेच फिरत फिरत स्वतःला जमिनीत पेरते. याच गवतात तितर आणि चंडोल वावरतात आणि उघड्या मुरमाड जागी टिटवी अंडी घालते. घरटे म्हणजे जेमतेम एक खळगा. त्यात बहुधा चार अंडी, रंगाने आजूबाजूच्या खड्यांसारखी, ठिपकेदार. दोन हातांवरूनही ती नजरेस पडत नाहीत. तिथेच आपण रोपासाठी कुदळ मारली, तर घरटे मोडल्याचे आपल्या लक्षातही येणार नाही.

पुण्याच्या टेकड्यांवर याआधी मोठ्या प्रमाणात लागवड झाली आहे आणि तिचा अनुभव समोर आहे. मध्य अमेरिकेतून आलेला गिरिपुष्प, ज्याला आपण उंदीरमारी म्हणतो, हलक्या जमिनीत झपाट्याने वाढतो आणि गुरे-शेळ्या त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. उजाड उतारांवर त्या काळी तो निवडला जाणे म्हणूनच समजण्यासारखे आहे. पालापाचोळ्याने त्याने जमिनीला काही दिलेही असेल. मात्र तो जिथे दाट माजला आहे तिथे गवत विरळ झाले, आणि फेब्रुवारीत गुलाबी फुलांनी सुंदर दिसणाऱ्या त्या राईत पक्ष्यांचा आवाज शेजारच्या मोकळ्या गवतापेक्षा कमी ऐकू येतो, हे आपणही सकाळी ताडून पाहू शकाल.

याशिवाय कायद्याची बाजू आहे. टेकडीचा बराच भाग वनजमीन आहे आणि तिथे खड्डे खणणे, रोपे लावणे किंवा आळी बांधणे वनविभागाच्या परवानगीशिवाय करता येत नाही. वड आणि पिंपळ ही मोठी, थोर झाडे खरी, परंतु त्यांची जागा गावठाणात, नदीकाठी, देवळाच्या पारावर. वीतभर मातीत त्यांना वर्षानुवर्षे पाणी वाहून जगवणे म्हणजे त्यांचेही हाल आणि तुमच्या गुडघ्यांचेही.

मग गटाने करावे काय? उन्हाळ्यातील वणवे ही टेकडीवरची खरी आपत्ती आहे. विडी-सिगारेटच्या थोटकाने किंवा कोणी मुद्दाम लावलेल्या आगीने तासाभरात सबंध उतार जळतो आणि जमिनीवरची घरटी जातात. रोज सकाळी टेकडीवर असणारे तुमच्यासारखे पंधरा-वीस लोक हा उत्तम पहारा आहे. धूर दिसताच वनविभागाच्या १९२६ या मदतक्रमांकावर आणि अग्निशमन दलाच्या १०१ वर कळवावे. स्वतः फांद्या घेऊन आगीत शिरू नये. दुसरे काम वाटांचे आहे. प्रत्येकजण नवी आडवाट काढतो, मग तिच्यातून पावसाचे पाणी धावते आणि होती-नव्हती ती माती घेऊन जाते. गटाने रुळलेल्या एकाच वाटेने चालायचे आणि इतरांना गोडीने तसे सांगायचे ठरवले, तरी पुष्कळ झाले. बरोबर कुत्रा असेल तर तो साखळीला बांधलेलाच असावा, कारण टिटवीची पिल्ले पळू शकतात पण उडू शकत नाहीत.

लागवडीची हौस खालीच, आपल्या गल्लीत भागवावी. बकुळ, करंज, ताम्हण, कडुनिंब ही झाडे रस्त्याकडेला चांगली वाढतात. ताम्हण तर आपल्या राज्याचे फूल आहे आणि उन्हाळ्यात त्याच्या जांभळ्या तुऱ्यांनी गल्लीचे रूप पालटते. बुंध्याभोवती किमान मीटरभर माती उघडी ठेवावी. पदपथाचे काम करणारे ती हमखास सिमेंटने बुजवतात, तेव्हा त्या दिवशी कोणीतरी तिथे उभे राहावेच लागेल.

प्रश्न : आमच्या भागातील एका भूखंडावर विकास आराखड्यात उद्यानाचे आरक्षण आहे. वीस वर्षांहून अधिक काळ तिथे फक्त पत्र्याचे कुंपण आहे. आता तिथे इमारत होणार, असे ऐकतो. आरक्षण असताना हे कसे शक्य आहे? (एक वाचक, पिंपरी-चिंचवड)

उत्तर : शक्य आहे, आणि त्याचे कारण महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ यातील कलम १२७ मध्ये आहे. आरक्षण पडल्याने जमीन महापालिकेची होत नाही. ती मोबदला देऊन ताब्यात घ्यावी लागते. अंतिम आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत तसे झाले नाही, तर जमीनमालक महापालिकेला खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यांत महापालिकेने जमीन घेतली नाही किंवा संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द झाल्याचे मानले जाते आणि शेजारच्या जमिनीवर जे बांधता येते ते तिथेही बांधता येते. ही मुदत २०१५ पूर्वी १२ महिन्यांची होती. वर्षानुवर्षे जमीन अडकून पडलेल्या मालकाच्या दृष्टीने हे कलम न्याय्यच आहे, हेही मान्य करायला हवे.

म्हणून सर्वप्रथम नगररचना विभागातून त्या सर्व्हे क्रमांकाचा झोन दाखला आणि भागनकाशा काढावा. त्यानंतर माहिती अधिकारात तीन नेमके प्रश्न विचारावेत : कलम १२७ खालील नोटीस मिळाली आहे का, मिळाली असल्यास कोणत्या तारखेला, आणि तिच्यावर आजवर काय कार्यवाही झाली. नोटीस आली असून मुदत शिल्लक असेल, तर लोकप्रतिनिधी आणि आयुक्त यांच्याकडे संपादनासाठी तरतुदीची मागणी लावून धरता येते. रोख मोबदल्याऐवजी विकास हक्क हस्तांतरण, म्हणजे टीडीआर (दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), देऊनही जमीन मिळवता येते. मुदत संपून गेली असेल, तर आंदोलनाने आरक्षण परत येत नाही. तेव्हा वेळ न दवडता तारीख शोधावी.

प्रश्न : आमच्या संकुलातील मुलांच्या खेळण्याच्या जागेत विकसकाने वाहनतळाचे पट्टे आखले आहेत. तो म्हणतो, ‘जागा माझी आहे.’ (एक वाचक, वाकड)

उत्तर : राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियमावलीनुसार ०.४० हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर, किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के जागा रहिवाशांच्या मनोरंजनासाठी मोकळी ठेवणे बंधनकारक आहे. आपल्या संकुलाचा मंजूर नकाशा महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागातून मिळवावा. त्यात ती जागा ‘ओपन स्पेस’ म्हणून दाखवली असेल, तर मालकीचा युक्तिवाद तिथे टिकत नाही. नकाशाची प्रत जोडून त्याच विभागाकडे लेखी तक्रार करावी. मुलांना मात्र तोपर्यंत खेळू द्यावे. पट्टे आखल्याने जमीन बदललेली नाही.

प्रश्न : माझी मुले १४ आणि १६ वर्षांची आहेत. बागेत ‘लहान मुलांचे आहे’ म्हणून जात नाहीत आणि जंगलात नेऊ म्हटले तर बिबट्याची भीती मलाच वाटते. (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : मुलांचे म्हणणे खोटे नाही. आपल्या बागांत सहा वर्षांच्या मुलांसाठी झोपाळे असतात, साठीच्या माणसांसाठी बाक असतात आणि मधल्या वयासाठी प्रवेशद्वारावर मनाईचा फलक असतो : चेंडू खेळू नये, सायकल आणू नये, घोळक्याने बसू नये. त्या वयाला हवी असते ती घरच्यांच्या नजरेपासून थोडी दूर आणि काहीतरी करून दाखवता येईल अशी जागा.

मुंबईत अशा जागा आहेत. गोरेगावला चित्रनगरीजवळ बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संवर्धन शिक्षण केंद्र आहे. ही संस्था १८८३ पासून काम करते आहे आणि तेथील जंगलफेऱ्या जाणकारांबरोबर असतात. माहीम-धारावीचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान मिठी नदीच्या काठी, एके काळच्या कचराभूमीवर उभे आहे. ३७ एकरांचे हे रान माणसांनी वाढवले, हे सांगितल्यावर मुलांना त्याची गंमत अधिक कळेल. मुलुंडहून सर्वांत जवळ पडेल ते ऐरोलीचे सागरी जैवविविधता केंद्र. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला तेथून ठाणे खाडीत रोहित पक्षी पाहता येतात. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरत असल्याने आधी विचारून जावे. मुलांच्या हातातला मोबाइल काढून घेऊ नका. ‘आयनॅचरलिस्ट’ या अॅपवर कीटकाचे किंवा झाडाचे छायाचित्र टाकले की जगभरचे जाणकार त्याची ओळख पटवतात, आणि आपली नोंद कोणीतरी तपासते आहे म्हटल्यावर सोळा वर्षांचा मुलगाही चिखलात गुडघे टेकतो.

बिबट्याविषयी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याच्या कडेने दाट वस्ती आहे. वस्तीतला उघडा कचरा भटकी कुत्री वाढवतो आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो, असा हा क्रम आहे. उद्यानात परवानगी असलेल्या वाटेवर, दिवसाउजेडी, घोळक्याने चालणाऱ्या माणसांना त्याचे दर्शनही सहसा होत नाही. काळजी घ्यायची ती जंगलाच्या कडेला, अंधार पडल्यावर : लहान मुलाला एकटे सोडू नये, उघड्यावर वाकून बसू नये, फोनवर गाणी लावून बोलत-चालत जावे आणि समोर आलाच तर पाठ फिरवून पळू नये.

प्रश्न : सारसबागेत पूर्वी तळे होते, हे खरे का? (एक विद्यार्थिनी, सदाशिव पेठ)

उत्तर : होय. पर्वतीच्या पायथ्याचे ते तळे नानासाहेब पेशव्यांच्या काळातील असून त्यातील बेटावर सवाई माधवरावांनी १७८४ मध्ये गणपतीची स्थापना केली. म्हणून तो ‘तळ्यातला गणपती’. पाणी गेले, बाग झाली, नाव राहिले.

प्रश्न : मी घरकाम करते. माझी मुले दुपारी शाळेतून सुटतात आणि मी चारनंतर मोकळी होते. बाग तर अकरा ते चार बंद. त्या वेळात मुलांनी जायचे कुठे? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : या वेळचे सर्वांत महत्त्वाचे पत्र मला हेच वाटले. झाडलोट आणि पाणी घालण्यासाठी बागा दुपारी बंद ठेवतात, असे कारण दिले जाते. परंतु त्यासाठी पाच तास लागत नाहीत. खरी अडचण रखवालदारांच्या पाळ्यांची असते आणि ती सुटण्यासारखी आहे. सकाळी फिरणाऱ्यांच्या सोयीने वेळापत्रक ठरले, कारण तक्रार करायला तेच पोहोचतात. आपल्या वस्तीतील दहा-पंधरा पालकांच्या सह्यांनिशी क्षेत्रीय कार्यालयात आणि उद्यान अधीक्षकांच्या नावे अर्ज द्यावा. सगळ्या बागा मागू नयेत. भरपूर सावली असलेली जवळची एक बाग निवडून ती शाळेच्या दिवसांत दुपारी दोनपासून उघडावी, एवढेच मागावे. एक पाळी बदलून भागणारे काम नाकारणे कार्यालयाला अवघड जाते. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यावी, आणि महिनाभरात उत्तर आले नाही तर ती प्रत आमच्याकडे पाठवावी.